मेथी हरभऱ्याच्या कुळातली. ती लाल फुली मागं घ्यायला हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या जानेवारीत, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असतानाच, माझ्या नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ती सहावीत होती. आपल्या मंडईत हिवाळ्यात मिळणाऱ्या पालेभाज्या तिनं एका मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि प्रत्येकीपुढं तिचं कूळ लिहिलं. मेथीपुढं लिहिलं, ‘हरभरा, वाल, मटकी यांचं कूळ’. तपासणाऱ्यांनी त्यावर लाल फुली मारली आणि शेजारी शेरा दिला, ‘मेथी पालेभाजी आहे. पालक, चाकवत यांच्या गटात लिहावे.’ पोरगी दप्तर न काढताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “आजोबा, तुम्हीच सांगितलं होतं ना?”

मीच सांगितलं होतं. आणि ते बरोबर होतं.

शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण ही समजूत एका शाळेपुरती नाही. शेजारीपाजारी, नात्यात, मंडईत दहा जणांना विचारलं तर नऊ जण मेथीला पालकाच्या शेजारी बसवतात. दिवाळीची सुट्टी संपून आता शाळा उघडताहेत, मेथी पेरायचे हेच दिवस आहेत, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

मी शहरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात २९ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी फुलं, पानं, मुळं गोळा करून आणायची, पाण्यात ताजी ठेवायची, सकाळी प्रत्येक टेबलावर मोजून मांडायची, हे माझं काम. शेंगांच्या कुळाच्या तासाला बहुधा गोकर्ण असायची, कारण ती आवारातच कुंपणावर चढलेली होती. एका दुष्काळी वर्षी ती वेल वाळून गेली. विभागप्रमुखांनी विचारलं, आता काय आणणार? तिऱ्ह्याला सीनेच्या काठी माझ्या चुलतभावाचं रान आहे. त्याच्याकडं बांधालगत मेथीचा एक वाफा बियाण्यासाठी राखलेला असतो. मी पहाटेच्या एसटीनं जाऊन फुलावर आलेली मेथी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. त्या दिवशी मुलांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेथीचं फूल सोडवलं आणि त्यांच्या खांद्यावरून मीही पाहिलं. पुढं दर हिवाळ्यात मी मेथीच आणत गेलो.

पालेभाजी म्हणजे कूळ नव्हे. जिचा पाला आपण खातो ती पालेभाजी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तो स्वयंपाकघराचा आणि मंडईचा शब्द आहे. पालक आणि चाकवत खरोखरच एका कुळातले, बीटही त्यांच्यातलंच, आणि राजगिरा, तांदुळजा हेही आता त्याच कुळात धरतात. पण अंबाडी कापूस आणि भेंडीच्या कुळातली. शेपू कोथिंबिरीच्या. करडई, जिचा कोवळा पाला आपल्याकडं आवडीनं खातात, ती सूर्यफुलाच्या. आणि हरभऱ्याची भाजी? ती तर सरळ हरभऱ्याचीच पानं. हरभऱ्याचा पाला पाटीत आला म्हणून हरभरा काही आपलं कूळ सोडून पालकाकडं जात नाही. मेथीचंही तसंच. शास्त्राच्या पुस्तकात या कुळाला शिंबावंत म्हणतात. शिंबा म्हणजे शेंग. नवं नाव फॅबेसी.

आता पुरावा. फुली मारली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी नातीला घेऊन तिऱ्ह्याला गेलो.

आधी मूळ. आपल्याकडं मेथीची पेंडी मुळांसकट येते, त्यामुळं प्रत्येक घरात भाजी निवडताना हा पुरावा हाती येतो आणि कचऱ्यात जातो. काळ्या रानातली मेथी ओढून उपटली की मुळांवरचं जे पाहायचं असतं ते बहुतेक मातीतच तुटून राहतं. म्हणून मी खुरप्यानं बाजूनं खणून अख्खं झाड मातीच्या ढेकळासकट काढलं आणि बादलीत हलकेच बुडवून धरलं. माती विरघळली आणि मुळांवर बारीक गाठी दिसायला लागल्या. नातीला वाटलं कीड लागली. मी एक गाठ नखानं फोडून दाखवली, आत फिकट गुलाबी. त्या गाठीत जिवाणू राहतात. हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गुलाबी रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचंच आहे. हरभऱ्याच्या, तुरीच्या, भुईमुगाच्या मुळांवर अशाच गाठी असतात हे आपल्या शेतकऱ्यांना कुणी सांगायला नको. पालकाची मुळं कितीही जपून काढा, त्यांवर अशा गाठी नसतात.

मग पान. मेथीची तीन पानं म्हणून आपण जे खुडतो ते एकच पान आहे, तीन पर्णिकांचं. पर्णिकांच्या कडा टोकाकडं बारीक दातेरी असतात. देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना छोटी टोकदार उपपर्णं असतात. ती या कुळाची सवय आहे. पालकाला उपपर्णं नसतात. एक गंमतीची गोष्ट कुंडीत मेथ्या पेरल्या तरच कळते. आधी दोन जाड बीजदलं वर येतात, त्यानंतरचं पहिलं खरं पान एकटंच असतं आणि तीन-तीन पर्णिका त्यानंतरच्या पानापासून सुरू होतात.

पण सगळ्यांत मोठा साक्षीदार फूल, आणि नेमकं तेच कुणी पाहिलेलं नसतं. महिन्याभराची कोवळी मेथी उपटून पेंड्या बांधायच्या, हा व्यवहार आहे. फूल दिसलं की भाजी निबर झाली. लक्ष्मी मंडईत एका बाईंना मी एकदा फुलावरची मेथी आणाल का विचारलं, तर त्या म्हणाल्या, “फुलावर आलेली पेंडी कोण घेतंय ओ मामा?” त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण त्यामुळं होतं असं, की मेथी आपण जन्मभर खातो आणि ती मोठी झालेली बघतच नाही.

दिवाळीनंतर पेरलेली मेथी संक्रांतीच्या सुमाराला फुलावर असते. पानाच्या बगलेत, देठ जवळजवळ नाहीच असं, एक किंवा दोन फुलं. रंग पांढरा, किंचित पिवळसर. एक फूल घेऊन टाचणीनं सोडवलं की पाच पाकळ्या हाती येतात. मागची सगळ्यांत मोठी, तिला ध्वज म्हणतात. सोलापूरच्या मुलांना ध्वज शब्द समजवावा लागत नाही, त्याच आठवड्यात त्यांनी गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज डोळ्यांनी पाहिलेले असतात. ध्वजाच्या आत दोन बाजूंना दोन पंख. आणि सगळ्यांत आत दोन छोट्या पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली होडी. त्या होडीत पुंकेसर आणि कोवळी शेंग दडलेली. पुंकेसर १०. त्यातले ९ तळाशी जुळून एक नळी होते आणि दहावा मोकळा राहतो. गोकर्ण सोडवा, वाटाणा सोडवा, हरभरा सोडवा, हाच हिशेब: ९ आणि १. नातीनं तो दहावा केसर टाचणीच्या टोकानं अलग केला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची फुली मला पुसलेली दिसली. पालकाच्या फुलाला मुळात पाकळ्याच नसतात.

फूल झडलं की शेंग. बोटाएवढी लांब, बारीक, किंचित वाकडी, टोकाला चोच. आत साधारण १० ते २० दाणे. झाडावर शेंग लागलेली असताना ती शेंगांच्या कुळातली नाही असं कुणी म्हणेल का?

दाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो प्रत्येकाच्या मिसळणाच्या डब्यात आहे. मेथीच्या दाण्यावर एक तिरकी खाच असते आणि तिच्यामुळं दाण्याचे एक लहान, एक मोठा असे दोन भाग दिसतात. लहान भागात पुढं मूळ होणारा अंकुर दुमडून बसलेला असतो, मोठ्या भागात बीजदलं. रात्री मेथ्या भिजत घाला, सकाळी ब्लेडनं एक दाणा आडवा कापा. मधे पिवळी डाळ आणि तिच्याभोवती काचेसारखा चिकट थर दिसेल. हरभऱ्यात, तुरीत असा थर नसतो. त्यांच्या रोपाची सगळी शिदोरी डाळीतच असते. मेथीनं मात्र ती बाहेरही ठेवली आहे. हाच थर पाणी पिऊन फुगतो आणि बुळबुळीत होतो. गवारीच्या बीमध्येही हेच असतं, तिच्यापासून गवार गम करतात. गवारही याच कुळातली. तर बाळंतिणीच्या लाडवासाठी मेथ्या भिजवताना हाताला जो चिकटपणा लागतो, तोही कुळाची एक खूणच देत असतो.

मला वाटतं, हे नातं गुरं पाळणाऱ्यांना कधीचं ठाऊक आहे. लसूणघासाला आपल्याकडं कितीतरी गावांत मेथीघास म्हणतात. शास्त्रानंही मेथी, लसूणघास आणि बरसीम एकाच कुळाच्या एकाच शाखेत ठेवले आहेत. मेथीच्या आणि लसूणघासाच्या मुळांत गाठी करणारा जिवाणूसुद्धा एकच. १७५३ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसनं मेथीला नाव दिलं, ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम. पहिल्या शब्दाचा अर्थ छोटा त्रिकोण, फुलाच्या आकारावरून. पुढच्या दोन शब्दांचा अर्थ ग्रीसचं वाळलेलं गवत, कारण जुने रोमन लोक ती गुरांना घालत. नाव सहा हजार किलोमीटर लांबचं, पण गोठ्यातल्या माणसानं ‘मेथीघास’ म्हणताना तेच ओळखलं होतं. आमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांत दाण्यांना मेंतुलु म्हणतात, कन्नड घरांत मेंत्या. तीन भाषांत नाव सारखं, आणि कूळ मात्र एकाही घरात विचारलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

जाता जाता कसुरी मेथीबद्दल, कारण मला हे सारखं विचारतात. ती आपलीच मेथी वाळवून केलेली नव्हे. ती ट्रायगोनेलाचीच, पण दुसरी जात आहे, कॉर्निक्युलाटा. ती सावकाश वाढते, पानं बारीक, फुलं गडद पिवळी आणि लांब दांड्यावर झुबक्यानं येतात, शेंगा छोट्या कोयत्यासारख्या. आपली मेथी घरी वाळवून जरूर वापरावी, छानच लागते. पण ती कसुरी होत नाही.

आता माझी मागणी. जिल्ह्यातल्या अनेक शाळांत परसबाग आहे आणि तिच्यात मेथी हमखास असते, कारण ती लवकर येते. ती सगळीच्या सगळी उपटून पोषण आहारात घालू नका. एक हातभर वाफा, तेवढा नसेल तर दहा-बारा झाडं, राखा. बियाणं विकत आणायला नको, डब्यातल्या मेथ्या उगवतात. पाणी लांबचं दुखणं आहे हे मी सोलापूरकर असून विसरत नाही. जेवणानंतर मुलं हात धुतात ते पाणी एवढ्या झाडांना पुरतं. मधमाशा आल्या नाहीत तरी काळजी नाही, मेथीच्या फुलात परागण बहुतेक आतल्या आतच होतं, एकटं झाडही शेंगा धरतं. फक्त वेळ चुकवू नका. फाल्गुनात ऊन तापल्यावर पेरलेली मेथी वीतभर व्हायच्या आतच फुलायची घाई करते आणि खुरटी राहते. आत्ता पेरली तर संक्रांतीला फूल, महाशिवरात्रीला हिरव्या शेंगा, होळीनंतर दाणे. सहामाही सुट्टीनंतरचं सगळं सत्र त्या वाफ्यावर शिकवता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा नको, एक खुरपं, एक बादली, एक टाचणी आणि एक ब्लेड पुरे. ब्लेड तेवढं बाईंनी किंवा सरांनी स्वतःच्या हातात ठेवावं.

आणि ज्यांनी ती फुली मारली त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्यावर राग नाही. मीही ती गोकर्ण वाळली नसती तर मेथी उघडून पाहिली नसती. पण मुलीच्या पुठ्ठ्यावरची ती खूण तुमच्याच हातानं दुरुस्त व्हावी. मी सांगून तिला पटलंय, पण तुम्ही मारलेली फुली आजोबांना खोडता येत नाही.

तिऱ्ह्याच्या वाफ्यातल्या शेंगा मार्चअखेर काढल्या. नातीनं एक शेंग सोलली, १४ दाणे निघाले. ते तिनं कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख घातली होती. गेल्या आठवड्यात तिनं ते दाणे रात्रभर भिजवले आणि गच्चीवरच्या फुटक्या घमेल्यात पेरले. आज सकाळपर्यंत ११ उगवले आहेत. अजून दोन-दोन बीजदलंच आहेत. पहिलं एकटं पान कधी येतं ते पाहायला ती शाळेत जाण्याआधी रोज जिना चढून जाते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर,
पूर्व भाग, सोलापूर