खोली नाही घेणार

दापोली,
१३ जुलै २०२५

प्रिय भाऊ,

तुझं पत्र मिळालं. हॉस्टेल सोड, गावात खोली घे, निवांत थिसिस लिही, असं म्हणतोस. काळजीनं म्हणतोस, पण मी नाही घेणार.

तू हॉस्टेलमधून गेल्यावर आपल्या समोरच्या खोलीत लातूरचा एक मुलगा आला. पुरता पावसाळा तो यंदा पहिल्यांदाच बघतोय. आपल्याकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर, त्याच्याकडे आठशेच्या आतबाहेर. जूनमध्ये एका रात्री पाऊस धो धो कोसळत होता. मी बाहेर आलो तर हा व्हरांड्यात, पागोळ्यांखाली बादल्या मांडतोय. एकजण ओरडला, "अरे, इथं पाण्याला काय तोटा?" तो हळूच म्हणाला, "वाया चाललंय हो सगळं." मग २०१६ चं सांगू लागला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा हा नऊ वर्षांचा. शाळेआधी आईबरोबर घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहायचा. कुणी काही बोललं नाही. ओरडलेला पोरगा आत गेला, स्वतःची बादली आणून शेजारी ठेवली. बघता बघता व्हरांडा भरला.

सकाळी लाइट नाही, मोटार बंद, टाकी कोरडी. अख्खा मजला त्या पाण्यावर आंघोळी उरकून प्रॅक्टिकलला गेला.

तू विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातला, जिथं जमिनीतलं पाणीच खारं; तुला पाण्याचं सांगायला नको. पण मी इथला. मे महिन्यात आमच्या वाडीची विहीर तळाला जाते, टँकर येतो. तरी पागोळीखाली बादली ठेवावी असं मला कधी सुचलं नव्हतं रे.

आणि पहिल्या वर्षी भाताच्या लावणीनंतर मी तापानं फणफणलो होतो, तेव्हा तू मेसमध्ये जाऊन "पातळ भात द्या, मीठ घालून" म्हणत पेज मागितलीस. तिला पेज म्हणतात हेही तुला ठाऊक नव्हतं. रात्रभर कपाळावरच्या घड्या बदलत बसलास. गावातल्या खोलीत माझ्या उशाशी कोण बसणार होतं?

गणपती २७ ऑगस्टला आहेत. लातूरकराला सुट्टीत घरी जाऊन येणं परवडत नाही, म्हणून त्याला वाडीत नेतोय, तुला नेलं होतं तसंच. आईनं तुझंही विचारलंय. तू भजनाला बसायचास ती चटई तिनं धुऊन ठेवलीय. रजा मिळते का बघ, आणि येताना ठेचा आण.

तुझाच,
रूम पार्टनर