गाद्या नंतर बदलता येतात, नळ्या नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्यांसोबत फिरायला छोटी पोंटून बोट (बंद नळ्यांवर सपाट डेक बसवलेली) कुठली घ्यावी ह्यावर लेख आला होता. दोन बोटी घेतल्यात, दोन्ही साधारण १७ फुटी, दोघींना वर छत, चहूबाजूंनी रेलिंग, मागे आउटबोर्ड इंजिन, आणि मग अर्धा लेख कुठल्या सीटच्या गाद्या जाड आणि कोणाचा स्पीकर भारी ह्यातच गेला. ज्या दोन अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर बोट तरंगते त्यांच्याबद्दल एक ओळ नाही! शेवटी मीच दोघींची माहितीपत्रकं काढली, तर एकीच्या नळ्या २३ इंची व्यासाच्या निघाल्या, दुसरीच्या २५ इंची, आणि तुमच्या लेखकाने गाद्यांवरून जिंकवलीय ती २३ वाली.

आता दोन इंचाने काय होतंय असं वाटेल, पण इथे हिशोब व्यासाच्या वर्गाने चालतो त्यामुळे ह्या दोन इंचात तरंगायची ताकद जवळपास १८ टक्के वाढते. २३ इंची नळीचा एक मीटर तुकडा गोड्या पाण्यात पूर्ण बुडवला तर साधारण २६८ किलो वजन तोलून धरतो, २५ इंचीचा ३१७. अशा दोन नळ्या पाच-पाच मीटरच्या धरल्या (टोकं निमुळती असतात ते वजा करून) तर फरक चारशे किलोच्या पुढे जातो. अर्थात भरलेली बोट साधारण निम्म्या नळीपर्यंतच पाण्यात असावी म्हणून कामाचा फरक निम्माच धरा, तरी दोन-तीन मोठी माणसं आरामात झाली की.

आणि घरची मंडळी काही वजन वाटून बसत नाहीत हो. एका पोराने मासा मासा ओरडायचा अवकाश, सगळे पुढच्या टोकाला गोळा, नेमका तेव्हाच चालवणाऱ्याने वेग एकदम कमी केला की पुढचं टोक खाली जातं आणि पाणी सरळ डेकवर. बारीक नळ्यांच्या आखूड बोटीत हे लवकर होतं. म्हणून बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा, आणि नुसती माणसं किती ते नको, एकूण वजन किती लिहिलंय ते बघा, कारण पेट्रोल, बॅगा, बर्फाची पेटी हे पण त्यातच येतं. कमाल किती हॉर्सपॉवरचं इंजिन चालेल तेही तिथेच असतं. नळीच्या आत वेगवेगळे बंद कप्पे आहेत का हे विक्रेत्याला विचारा, एका ठिकाणी भोक पडलं तर अख्खी नळी भरायला नको. डेकखाली वाकून डेकला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्याही बघा, कुठे १६ इंचावर असतात कुठे २४, जवळ असलेल्या कधीही चांगल्या.

वाऱ्याचंही कोणी बोलत नाही. रेलिंग आणि छत मिळून शिडासारखा वारा धरतात, धक्क्याला लावताना बोट भलतीकडेच सरकते, तेव्हा छत पटकन मिटतं का हे दुकानातच करून बघायचं.

पण खरा राग आला तो फोटोचा. चालत्या बोटीत दोन मुलं रेलिंगच्या बाहेर पुढच्या डेकवर पाय सोडून बसलीयत आणि खाली मजेदार ओळ! तिथून पडलेलं माणूस दोन नळ्यांच्या मधून थेट मागच्या इंजिनच्या पंख्याकडे जातं, चालवणाऱ्याला कळायच्या आत. बोट चालू असताना पुढचं गेट बंद, सगळे रेलिंगच्या आत, मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि पोहायला उतरायच्या आधी इंजिन बंद, न्यूट्रलला टाकलंय म्हणून भागत नाही, शिडी बहुतेक वेळा पंख्याच्या बाजूलाच असते.

ह्या दोघींतली मला घ्यायची असती तर मी साध्या सीटची २५ वालीच घेतली असती. तीन-चारच माणसं, छोटं शांत पाणी आणि बोट दर वेळी गाडीमागे ओढून न्यायची असेल तर हलकी म्हणून २३ वाली चालेल, पण मग सहा जण बसवायचा हट्ट धरू नये. पुढच्या वेळी अशी तुलना छापाल तेव्हा दोन्ही बोटींच्या पाटीचे आकडे तेवढे छापा, आणि तो फोटो वेबसाइटवर अजून आहे, तो आधी काढा.

आपला,
एक नियमित वाचक