बाबा, संडास-बाथरूम आता घरातच

तीर्थरूप बाबा आणि आईस,
सा. न.

मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊन झाला आहे, तेव्हा आता नाही म्हणू नका. मधल्या खोलीला लागून, तुरीची पोती ठेवता तिथं, संडास-बाथरूम होईल. देवघराची भिंत त्याला लागत नाही, ते मी आधीच पाहून घेतलं. लेकीचा पैसा घ्यायचा नाही हा तुमचा नेम मला माहीत आहे. पण दादावर आधीच बियाण्या-खताचं देणं आहे, आणि मला जमतंय. शिवाय पैसे तुम्हाला कुठं दिले? ज्या घरात वाढले त्या घराला लावले. कमोड बसवा, बाबांचे गुडघे दुखतात, हे तर तुमच्या जावयांनीच सुचवलं. आत उजेड राहील, धरायला दांडा राहील.

आईवर रागावू नका, मीच खोदून विचारलं. रात्री चार-चार वेळा उठून गोठ्यामागं जाता, तुम्ही परत येईपर्यंत तिचाही डोळा लागत नाही. आता थंडी वाढेल, विंचूकाट्याचंही भ्या. लहानपणी मी रात्री उठवलं की तुम्ही बॅटरी घेऊन यायचे आणि मी आत असेपर्यंत बाहेर मुद्दाम खोकत राहायचे, मला भीती वाटू नये म्हणून. मग तुमच्या लघवीचं लेकीनं विचारलं तर लाजायचं कशाला?

लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते, लघवीची नळी तिच्यातूनच जाते. वयानुसार ती वाढते आणि नळी दाबते. धार बारीक होते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून थोड्या वेळात पुन्हा जावं लागतं. साठीपुढच्या निम्म्याहून जास्त पुरुषांत ती वाढलेली असते. बहुतेकांची वाढ कॅन्सरची नसते. पारावरच्या कितीतरी जणांना हेच असेल, बोलत कोणी नाही एवढंच.

पाणी तोडू नका. दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर कमी करा. रात्रीचा चहा मात्र बंद म्हणजे बंद. संध्याकाळी पाय सुजतात ना, ते पाणी आडवं झाल्यावर लघवीवाटे उतरतं, म्हणून दुपारी पाय उशीवर ठेवून पडत जा. सर्दीची गोळी दुकानातून मनानं आणायची नाही, तिच्यानं लघवी अडू शकते. पूर्ण अडलीच तर सकाळची वाट न पाहता दादाला उठवा.

सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायचं आहे. पोट भरून पाणी पिऊन सोनोग्राफी करतील, मग लघवीला पाठवून आत किती उरली ते पुन्हा बघतील. रक्तातली साखरही तपासून घ्या, ती वाढली तरी रात्री उठावं लागतं. बऱ्याच जणांचं गोळ्यांवरच भागतं. गोळी सुरू झाली की खाटेवरून एकदम उठू नका, चक्कर येऊ शकते; आधी बसा, मग उभे राहा. दादा सोबत राहील, पण डॉक्टरांपुढं 'काही नाही, वय झालं' म्हणू नका. किती वेळा उठता, धार कशी आहे, सगळं खरं सांगा.

तुमची,
बबी