बायला सध्या इथेच राहू दे

फोंडा,
मंगळवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि नेमकं त्याच वेळी ओसरीवर कोणीतरी येऊन बसलेलं असतं. हे वाळपईला कामासाठी येताहेत, त्यांच्याबरोबर पत्र देते. दोघांनीच वाचा. बाबांनी मोठ्याने वाचलं तरी चालेल, पण दार ओढून घेऊन.

आपली धाकटी बाय नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागेपर्यंत माझ्याकडेच राहील. तुम्ही रविवारी तिला न्यायला येणार होतात ना, ते नको. म्हणजे या, जरूर या, जेवायलाच या, पण तिची बॅग भरायला सांगू नका. आधी विचारलं नाही म्हणून राग येईल, माहीत आहे. विचारलं असतं तर आई रडली असती आणि मी विरघळले असते, म्हणून ठरवून मग कळवतेय. ती आजारी नाही, रुसलेली तर मुळीच नाही. तुमच्यापासून तिला लांब ठेवायचं माझ्या मनातही नाही. लांब ठेवायचंय ते वाड्यावरच्या चौकशांपासून.

त्या दिवशी नीटचा पेपर सुटल्यावर मी गेटवर होते. मुलं बाहेर आली ती पायात साध्या चपला, घामाने चिकटलेले केस आणि हातात फक्त प्रश्नपत्रिका. उत्तरांचा ओएमआर कागद आतच जमा करून घेतात. त्यामुळे कुठला गोल काळा केला ते आठवूनच सांगायचं. त्यात प्रत्येकीचा कोड वेगळा, प्रश्न तेच पण क्रम निराळा, तेव्हा 'माझा एकशे बारावा तुझा कितवा गं?' इथपासून सुरुवात. बायच्या मैत्रिणी आमच्याकडेच आल्या. मी कोकम सरबत केलं, ते तसंच राहिलं आणि हॉलभर प्रश्नपत्रिका पसरल्या. फिजिक्सचं नावही कोणी काढेना. भांडणं सगळी बायोलॉजीची, कारण 180 पैकी 90 प्रश्न तिचे आणि 720 पैकी 360 गुण तिथेच. बायने प्रत्येक प्रश्नापाशी निवडलेल्या पर्यायावर पेनाने बारीक टिंब दिलं होतं. काही ठिकाणी दोन टिंबं. त्या दोन टिंबांवरूनच सगळं रामायण.

दोन क्लासवाल्यांच्या उत्तरसूच्या मोबाईलवर आल्या होत्या, त्या एकमेकींशी जुळेनात. मग मला पंच केलं. नारळाचं पाणी आणि खोबरं यावरून जुंपली होती. दोन्ही एंडोस्पर्मच, म्हणजे भ्रूणपोष, पण पाण्यात नुसती केंद्रकं मोकळी तरंगत असतात, हजारोंनी, आणि खोबऱ्यात पेशी तयार झालेल्या असतात. पुस्तकात सरळ लिहिलंय. आणि आपल्या नारळी-पोफळीच्या कुळागरात जन्म काढलेल्या पोरीने नेमकं उलटं केलेलं! बाकीच्या हसल्या, तीही हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. मी दार वाजवलं नाही.

बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक वजा होतो. म्हणजे एक उत्तर फिरलं की पाच गुणांची उलथापालथ. तिची बेरीज जेवणाआधी एक, जेवणानंतर दुसरी आणि गच्चीवरून खाली आली तेव्हा तिसरीच. म्हणून बाबा, आकडा मी इथे लिहिणार नाही. तुम्ही लगेच तो घेऊन गोमेकॉच्या, गोवा मेडिकल कॉलेजच्या, गेल्या वर्षीच्या कटऑफला लावून बघणार, आणि तुमची वही मला माहीत आहे.

परीक्षा घेणाऱ्या एनटीएची तात्पुरती उत्तरसूची अजून यायची आहे. तिच्यावर हरकत घेता येते, प्रश्नाला 200 रुपये भरून. मग अंतिम सूची, मग निकाल. आणि निकालही हलतो. 2024 मध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती, जुन्या आणि नव्या पुस्तकात फरक होता म्हणून. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि आधी पैकीच्या पैकी मिळालेले 67 होते ते सुधारित निकालात 17 राहिले. जिथे पहिल्या आलेल्यांचे गुण असे उतरतात तिथे आमच्या हॉलमधल्या बेरजेवर काय विसंबायचं? आई, तू रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंस ते ठीक, पण कौल लावून आलात हेही मला काकूने सांगितलंय. उजवा आला, चांगलं झालं. आता तो बायच्या कानावर घालू नका. तिला वाटेल देवानेही मार्क मोजायला घेतले.

दुसरी गोष्ट. तिने इथल्या कॉलेजात बी.एस्सी.चा फॉर्म भरलाय, झूलॉजीसाठी. पैसे मी भरले, ते परत द्यायचं मनातही आणू नका. याचा अर्थ डॉक्टर व्हायचं सोडलं असा नाही. मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाही मिळालं तर पुन्हा वर्षभर घरी बसून हेच करायचं की नाही, ते ती ठरवील. तुम्ही नाही, मीही नाही. दादाच्या वेळी निकालाआधीच पेढे आणले होते, ते आठवतंय ना? बस, तेवढंच.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. सकाळी पेज आणि तोराचं लोणचं, दुपारी हुमण-भात. काल बांगडे मिळाले, तिने दोन तळलेले खाल्ले. मागची खोली तिला दिलीय, खिडकीत आंब्याची सावली येते. रात्री माझ्याच अंगावर पाय टाकून झोपते, मोठी झाली म्हणे.

बाबा, चौथीच्या स्कॉलरशिपच्या पेपरानंतर तुम्ही मला घ्यायला आला होतात. मी रडवेली, गणितं अर्धी राहिलेली. तुम्ही पेपराचं नावच काढलं नाही. 'भूक लागली काय गो?' एवढंच म्हणालात आणि हॉटेलात भाजीपाव घेऊन दिलात. बायशी फोनवर बोलाल तेव्हा तसलंच काहीतरी विचारा. तुम्हाला जमतं ते, मी खाल्लाय तो भाजीपाव.

पुरुमेंताचं, पावसाळ्याच्या बेगमीचं, काम आईला एकटीला पडणार, हे मला दिसतंय. बाय असती तर मिरच्या वाळत घातल्या असत्या, सोलं उलटीपालटी केली असती. त्याच्या पुढच्या शनिवारी मी येते, मुलांना घेऊन, दोन दिवस राहते. तोवर आई, तू बरण्या माळ्यावरून काढायच्या नाहीत. गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुझ्या तोंडून मला ऐकायचंय. सोमवारचा उपवास बायसाठी धरलायस, तो शुगरची गोळी घेणाऱ्या बाईने धरायचा नसतो. देवाला मी समजावते. बाबा, नारळ पाडणारा पाडेली आला नाही म्हणून दुपारच्या उन्हात कुळागरात जाऊन पडलेले नारळ गोळा करत बसू नका, आणि बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. बरं वाटतंय ते तिच्यामुळेच. रागावून लिहीत नाहीय, पण कोणीतरी बोललं पाहिजे ना.

आणि रविवारी या. बाय तुमची वाट बघतेय, सकाळीच विचारत होती, आई फणसाची भाजी आणेल का म्हणून.

तुमची,
ताई

ता. क. यांच्याकडे औषधाची पिशवी दिलीय. निळी पट्टी बाबांची, पांढरी आईची. मागच्या खेपेसारखी अदलाबदल नको.