गादीच्या शिवणीतले काळे ठिपके

प्रिय दिग्या,

सहा महिने पत्र नाही म्हणून शिव्या तयार असतीलच, त्या पुढच्या पत्रात दे. तब्येत बरी आहे, गुडघा जुनाच. लिहितोय ते एकाच कारणासाठी, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही. ढेकूण. हो, आपण दोघं एकत्र राहायचो त्या खोली नंबर 14 वालेच, आता माझ्या घरात.

सुट्टीतले पाहुणे परवा गेले. चादरी काढताना गादीच्या शिवणीत पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले. ओल्या कापसाने पुसले तर डाग तांबूस होऊन पसरला. धूळ असती तर नुसती निघून आली असती. मग टॉर्च तिरपा धरून शिवणीतून जुनं कार्ड फिरवलं आणि साहेब बाहेर आले. चपटे, तपकिरी, अख्ख्या मसुराएवढे.

एरवी पाहुण्यांनंतरची सफाई सरळ असते. वरून खाली यायचं, कोरडं आधी, ओलं नंतर, फरशी सगळ्यात शेवटी. इथे मात्र सुरुवात खाटेपासून, आणि खोलीतली एकही वस्तू उघडी बाहेर न्यायची नाही. चादरी, अभ्रे, पडदे खोलीतच पिशवीत भरून तोंड बांधायचं, पिशवी थेट मशीनमध्ये रिकामी करायची आणि लगेच बंद करून घराबाहेर टाकायची. पाणी 60 अंशांचं, नंतर ड्रायर अर्धा तास कडक गरम. मारते ती उष्णता, साबणावर भिस्त नको. ड्रायर गच्च भरला तर मधले कपडे तापतच नाहीत, म्हणून अर्धाच भरायचा. गरम पाणी न सोसणारं सगळं पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस.

आता तू म्हणशील, गादी उन्हात टाक. अरे, उन्हात वरचं कापड तापतं, आतला कापूस गारच राहतो, आणि ढेकूण काय तिथे ऊन खात बसणार आहे? तो सरकतो सावलीकडे. किडा आणि अंडी दोन्ही मरायला आतपर्यंत 50 अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून वाफ. वाफेच्या नळीला रुंद तोंड लावून त्यावर कापड गुंडाळायचं, नाहीतर झोतानेच ते उडून दुसरीकडे पडतात. हात अगदी सावकाश चालवायचा, वीतभर शिवणीला सात-आठ सेकंद तरी. त्याआधी व्हॅक्यूमचं निमुळतं तोंड फिरवायचं. अंडी मात्र चिकटलेली असतात, ती व्हॅक्यूमने निघत नाहीत, कार्डाने खरवडावी लागतात. खाटेच्या फळ्यांची खालची बाजू, स्क्रूंची भोकं आणि डोक्याकडच्या फळीची मागची बाजू यांत गादीपेक्षा जास्त सापडले. धूर सोडणारे डबे आणले नाहीत. तो धूर फटीत पोचत नाही, उलट पळालेले ढेकूण शेजारच्या खोलीत संसार थाटतात.

तुझ्या वाट्या आठवतात? खाटेच्या पायांखाली रॉकेल भरून ठेवल्या होत्यास आणि मी वेड्यात काढलं होतं. रॉकेल मूर्खपणाचंच होतं, आग लागली असती. पण वाट्या बरोबर होत्या, एवढं आज लेखी देतो. गुळगुळीत खोलगट वाट्या घ्यायच्या, आतून पावडरीचा हात फिरवायचा, म्हणजे पडलेल्याला वर चढता येत नाही. खाट भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकलेली नको. आणि त्या खाटेवर कुणीतरी झोपायला हवं, नाहीतर भुकेलेले जीव माणूस शोधत घरभर फिरतात. सध्या आमिष मी.

अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करायचं. गादीला पूर्ण चेनची खोळ घातली आहे, ती वर्षभर काढणार नाही. मोठा ढेकूण महिनोन् महिने उपाशी जगतो. इतकं करूनही वाट्यांत सापडत राहिले तर कीटकनाशकवाल्याला बोलवायचं, स्वतः फवारे मारायचे नाहीत. न्हाणीघर वगैरे उरकलं. (टाइल्सवर आम्लाचं क्लीनर लावलंस तर त्या दिवशी ब्लीच हातात धरू नकोस, क्लोरीन वायू निघतो. आणि न वापरातल्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओत, जाळीखालचं पाणी आटलं की गटाराचा वास घरात.)

पण झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. पहिल्या दिवशी मी पाहुण्यांच्या बॅगांवर खापर फोडून मोकळा झालो होतो. मग फळीमागे कात सापडली, चार वेगवेगळ्या मापांची. ढेकूण मोठा होईतो पाचदा कात टाकतो आणि दर वेळी त्याला रक्त लागतं. ऊबदार खोलीतही याला महिना-दीड महिना जातो. पाहुणे होते आठ दिवस. म्हणजे त्यांनी आणले नाहीत, आमच्याकडून नेले असतील. त्या खाटेवर दुपारची झोप मीच काढतो, पण अंगावर कधी काही उठलं नाही. वाचलं तर कळलं की काही लोकांना चावूनही गांध्या उठतच नाहीत.

आलं लक्षात? 14 नंबरमध्ये तुझ्या अंगभर गांध्या, माझं अंग स्वच्छ, आणि त्यावरून मी अख्ख्या मजल्याला पटवून दिलं की ढेकूण तुझ्या ट्रंकेतून आले. आठ दिवस तू माझ्याशी बोलला नव्हतास. तेव्हा आपण माझी गादी एकदाही उलटून बघितली नाही.

आता पाहुण्यांना फोन करायचाच आहे. त्यांनी बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, शिवणी आणि चेनच्या कडा तपासायच्या, कपडे न झटकता थेट गरम पाण्यात टाकायचे, हे आजच सांगायला हवं. पण सुरुवात काय करू? "आठ दिवस आलात, बरं वाटलं, तुम्हाला ढेकूण दिलेत"? दोनदा नंबर लावला, दोनदा तब्येत विचारून ठेवून दिला. उद्या तिसऱ्यांदा.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीची परीक्षा कधी? वहिनींना नमस्कार, आणि यातलं एक अक्षर त्यांना सांगू नकोस, नाहीतर त्या आमच्याकडे पाऊल टाकायच्या नाहीत.

तुझा,
बाळ्या

ता. क. ती निळी ट्रंक अजून आहे का? असली तर ठेव. मला तिची माफी मागायची आहे.