फोर बाय फोर आहे, म्हणून काय झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बर्फात गाडी चालवण्याबद्दलचा लेख आपल्या वाहनांच्या पानावर वाचला. लेख उपयोगी होता, पण पिकअपला फोर व्हील ड्राइव्ह (म्हणजेच फोर बाय फोर, चारही चाकांना इंजिनचा जोर) असलं की खोल बर्फाची काळजी नको, अशा अर्थाचं जे विधान त्यात होतं ते मला खटकलं. त्याहून खटकला तो सोबतचा फोटो. चारही चाकांतून बर्फाचे फवारे उडताहेत आणि गाडी मधोमध रुबाबात उभी. दिसायला झकास! पण चाकातून फवारा उडतोय याचा अर्थ चाक जमीन सोडून फिरतंय. त्या फोटोतली गाडी पुढच्या दोन मिनिटांत रुतली असणार, हे मी पैजेवर सांगतो.

माझा अधिकार एवढाच, की सोळा हिवाळे मी पिकअप चालवतोय. डोंगरमाथ्यावरच्या टॉवरचे जनरेटर सांभाळणं हे काम. बर्फ पडला की ते बंद पडतात आणि बंद पडले की मला निघावं लागतं. बाकीचे ज्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत, नेमकी त्याच दिवशी माझी फेरी असते.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे मी कुणाला शहाणपण शिकवायला बसलोय असं वाटायला नको. माझ्याकडे तेव्हा जुनी पिकअप होती, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असलेली. हब म्हणजे चाकाच्या मधलं गोल बटण, ते फिरवलं तरच पुढचं चाक इंजिनच्या जोराला जोडलं जातं. बर्फ गुडघ्याला लागायला लागल्यावर मी आतला दांडा फोर एचवर, म्हणजे चार चाकांच्या नेहमीच्या टप्प्यावर ओढला, काट्यांच्या शेजारी हिरवा दिवा लागला आणि मी बिनधास्त पुढे घुसलो. शंभरेक मीटरवर गाडी बसली. मागची चाकं गरगर फिरताहेत, गाडी ढिम्म. पाऊण तास फावडं मारलं. हातमोज्यांच्या आत बोटं कळेनाशी झाली. तेवढ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रॅक्टर आला. चालक उतरला, एक शब्द न बोलता माझ्या पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसला, मधल्या गोल बटणावरचा बर्फ अंगठ्याने खरवडला आणि ते फिरवलं. खट्. पलीकडे जाऊन दुसरं. खट्. मग मला हाताने ‘जा’ अशी खूण केली. गाडी हळूहळू मागे सरकत बाहेर आली. पाऊण तास मी मागच्या दोन चाकांवर झटत होतो आणि दिवा मात्र चाराचा लागलेला. आता बहुतेक नव्या गाड्यांत ही भानगड उरलेली नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र हब हाताने फिरवून पाहिल्याशिवाय बर्फाकडे तोंड करू नये.

हब लागले, दांडा बसला, तरी चारही चाकं ओढतीलच असं नाही. हे आपल्या लेखात यायला हवं होतं. पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरत्या लावायच्या फोर बाय फोरमधली ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते. पण प्रत्येक अ‍ॅक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांमधल्या आसावर) डावं-उजवं असं वाटप करणारा डिफरन्शियल असतो, आणि साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. सारखा म्हणजे ज्या चाकाला कमी पकड आहे त्याला झेपेल तेवढाच. डावं चाक भुसभुशीत बर्फात मोकळं फिरायला लागलं, की उजव्याखाली कोरडी माती असली तरी त्याला काही मिळत नाही. म्हणून पुढचं एक आणि मागचं एक, अशी दोन चाकं फिरताहेत, उरलेली दोन शांत उभी आणि चालक आत बसून दिवा बघतोय, हे दृश्य मी किती वेळा पाहिलंय याची गणती नाही.

यावर खरा उपाय मागच्या डिफरन्शियलचा लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांना जखडणारी कळ. तो लावायचा तो रुतायच्या आधी, गाडी हळू आणि सरळ असताना. चाक गरगर फिरत असताना बटण दाबणं म्हणजे दात मोडायची तयारी. आणि कडक रस्त्यावर येताच काढायचा, कारण लॉक असताना गाडी वळायला नाखूश असते. लॉक नसेल, तर नव्या गाड्यांतली ट्रॅक्शन कंट्रोल ही यंत्रणा फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर पलीकडच्या चाकाकडे वळवते. जुन्या गाडीत रेस स्थिर ठेवून ब्रेकवर हलका पाय दिला तरी थोडाफार तसाच परिणाम होतो. पण तीच यंत्रणा कधी कधी इंजिनचाच गळा आवळते. खोल बर्फात गाडी रेंगाळते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी इंजिन उचल घेत नाही, तेव्हा समजायचं की ट्रॅक्शन कंट्रोलने ताकद कापली आहे. ती यंत्रणा बंद करायचं बटण कुठे आहे हे उजेडात, घरी उभं राहून शोधून ठेवावं.

आता हवा. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. रस्त्यावर माझ्या टायरमध्ये ३५ पौंड हवा असते. माथ्याकडचा रस्ता सुरू होतो तिथे मी उतरतो आणि चारही टायर २० वर आणतो. व्हॉल्व्हच्या सुईवर किल्लीचं टोक दाबून बसायचं. हवा सुस्कारत निघते, व्हॉल्व्हवर पांढरं दव धरतं, प्रत्येक टायरला दोनेक मिनिटं जातात. टायर खाली जमिनीवर पसरतो आणि लांबीला जास्त बर्फावर टेकतो. पायात बूट घालून बर्फात उतरणं आणि फळीवर उभं राहणं, एवढा फरक पडतो. फारच वाईट दिवस असेल तर १५. त्याखाली मी जात नाही, कारण साध्या रिमवरून वळणात टायरची कड सुटू शकते. हवा कमी असताना वेग कमी आणि स्टिअरिंग हळू. परत रस्त्यावर येताना कॉम्प्रेसरने हवा भरणं चुकवायचं नाही. मऊ टायर वेगात तापतो आणि फुटतो. आणखी एक: तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने उतरलं की टायरची हवा आपोआप साधारण एक पौंडाने उतरते. उबदार गॅरेजमधला आकडा बाहेर खरा राहत नाही.

हवा किती कमी करता येते, हे पाहायचं तर आइसलंडच्या लोकांकडे पाहावं. तिथले हिमनद्यांवर जाणारे चालक ३८ ते ४४ इंच व्यासाचे रुंद टायर लावतात आणि हवा पाच पौंडांच्याही खाली आणतात. गाडी बर्फात शिरतच नाही, वरून तरंगत जाते. २००७ मध्ये उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेली टोयोटा हायलक्स तिथल्याच आर्क्टिक ट्रक्स या कंपनीने तयार केली होती, तीही ३८ इंची टायर लावून. आपल्या साध्या पिकअपला ते जमणार नाही, पण तत्त्व तेच.

याच्या अगदी उलट सल्ला पिकअपवाले देतात: हौद्यात वजन टाका. मीही टाकतो, वाळूची सहा पोती, प्रत्येकी २५ किलोची. मग हलकं होऊन तरंगायचं की जड होऊन रुतायचं? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर बर्फावर आहे. बर्फ वीतभर आणि खाली कडक तळ असेल, तर टायर तळापर्यंत जातो आणि वजन कामाला येतं. तळच लागत नसेल, तर प्रत्येक पोतं तुम्हाला आणखी खाली नेतं. माझा रस्ता नऊ दिवस पहिल्या प्रकारचा असतो आणि दहाव्या दिवशी दुसऱ्या. दहाव्या दिवशी मी पोती खालीच उतरवून ठेवतो.

वजनाबद्दल गैरसमजही फार. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं, त्यामुळे टू व्हीलवर चढ चढत नाही हे खरं. घट्ट दबलेल्या बर्फावर पकड वजनाचा ढोबळ पाचवा हिस्सा धरा. चारही चाकं ओढत असतील तर शंभर मीटरला वीस मीटरचा चढ कागदावर निघतो. मागच्या चाकांवर फक्त चाळीस टक्के वजन असेल आणि तीच ओढत असतील, तर जेमतेम आठ. पण दीडशे किलोंनी हा आठाचा आकडा नऊसुद्धा होत नाही! मग पोती कशाला? वळणावर आणि उतारावर मागचं टोक मागेच राहावं म्हणून. पोती मागच्या अ‍ॅक्सलवर किंवा जरा पुढे, कधीही हौद्याच्या मागच्या फळक्याला टेकवून नाही. तसं केलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं. बांधून ठेवावीत, नाहीतर जोरात ब्रेक लागला की केबिनची मागची काच पहिली जाते. आणि वाळू कोरडी हवी. एकदा माझी पोती भिजली, रात्रीत गोठली आणि चाकाखाली वाळू टाकायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे सहा दगड होते. हौद्यात साचलेला बर्फ तसाच ठेवला तर फुकटचं वजन मिळतं, असं म्हणणारेही आहेत. ताजा बर्फ घनमीटरला बहुतेक वेळा शंभर किलोसुद्धा भरत नाही. झाडून टाका.

टायरच्या बाजूवर ‘एम अधिक एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय एवढ्यावर भागवू नये. ते नक्षीच्या स्वरूपाबद्दलचं म्हणणं आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बर्फावर चाचणी झालेल्या टायरवर असतं. हिवाळी टायरचं रबर सात अंशांच्या खालीही मऊ राहतं. चिखलाचे राक्षसी टायर ताज्या खोल बर्फात बरे खणतात, पण दबलेल्या बर्फावर घसरगुंडी करतात, कारण त्यांच्या मोठ्या ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी असतात. बर्फ बर्फालाच चांगला चिकटतो. त्या चिरांत भरलेला बर्फच खालच्या बर्फाला धरतो. साखळ्या लावायच्या तर चारही चाकांना, आणि रुतायच्या आधी. दोनच असतील तर कुठल्या चाकांना, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

राहिला उजवा पाय. फवाऱ्यांच्या फोटोवर माझा राग आहे तो याचसाठी. फिरतं चाक खालचा बर्फ घासून वितळवतं, तो क्षणात गोठतो आणि चाकाखाली काच तयार होते. चाक एक फेरी फिरलं आणि गाडी हलली नाही, की पाय काढायचा. दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर निघायचं. फोर एल, म्हणजे चार चाकांचा संथ पण जोरदार टप्पा, मी चढावर किंवा उतारावर सावकाश जाताना वापरतो. पहिल्या गिअरमध्ये त्यात इतका जोर असतो की चाक लगेच सुटतं. गाडी अडली तर पुढे रेटायचं नाही. मागे, आपल्याच चाकोरीत. चाकोरीतून जाणं या शब्दाला आपण उगाच कमीपणा दिलाय. बर्फात दबलेली चाकोरी हा तुमचा एकमेव पक्का रस्ता असतो. तीन-चार मीटर मागे यायचं, पुन्हा हलक्या धावेने पुढे, दोन हात जास्त मिळतात, पुन्हा मागे. तरी अडली तर खाली वाकून बघा. बहुतेक वेळा गाडी पोटावर बसलेली असते, सगळं वजन चेसिसखाली दाबलेल्या बर्फावर आणि चाकं लोंबकळत. तेव्हा चाकापुढे नाही, पोटाखाली फावडं मारायचं. पहिल्या हिवाळ्यात मला हेही ठाऊक नव्हतं.

ओढून काढायची पाळी आली तर दोर गाडीच्या ओढण्यासाठी दिलेल्या हुकलाच बांधा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो.

आणि थांबण्याबद्दल तर त्या लेखात अवाक्षर नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरमध्ये थांबणारी गाडी दबलेल्या बर्फावर ५० मीटरच्या आसपास घेते, मग ती टू व्हील असो की फोर. फोर बाय फोरवाला सहज वेग पकडतो आणि त्यालाच वाटतं की रस्ता ठीक आहे. खड्ड्यात गेलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांत फोर बाय फोर कमी नव्हत्या.

पुढच्या वेळी छापायला फोटो हवा असेल तर कळवा. माझ्याकडे आहेत, त्यांत फवारे नाहीत.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये. हबची गोष्ट आमच्या ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही.)

ता. क. गाडी रुतली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा. आणि तो दर थोड्या वेळाने पुन्हा काढा. तोंड बुजलं की धूर गाडीखालून केबिनमध्ये शिरतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.