चि. सोनूस: उसनं कुठून आणायचं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या बँडची, वेगवेगळ्या बाजांची थट्टा करणारी चारही गाणी ऐकली, आधी हेडफोन लावून आणि मग साध्या स्पीकरवर. ‘हे तर सगळं झॅपाचंच’ असा शेरा आला म्हणून तू हिरमुसलीस, हे कळलं. शेरा अर्धा खरा आहे. पण त्यावर तू काढलेला उपाय, म्हणजे यापुढे फ्रँक झॅपा (तोच तो खट्याळ अमेरिकन रॉक संगीतकार) ऐकायचाच नाही, हा मला अजिबात पटलेला नाही. ऐकणं बंद करून कोणी स्वतंत्र होत नाही. फार तर आपण कोणाचं उचलतोय हे कळेनासं होतं.

झॅपाने आपली उधारी कधी लपवली नाही. त्याच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या बँडचा पहिला अल्बम ‘फ्रीक आउट!’ 1966 साली आला. त्याच्या कव्हरच्या आत, आमच्या संगीतावर ज्यांचा हात फिरला ती ही माणसं, म्हणून दीडशेहून जास्त नावं छापली आहेत. तो ऐकत काय होता? एडगार व्हारेझची तालवाद्यांची रचना, स्त्राविन्स्की, आणि 1950 च्या दशकातलं ऱ्हिदम अँड ब्लूज आणि डू-वॉप (अनेक गळ्यांनी निरर्थक बोल म्हणत गायलेली अमेरिकन गाणी). विनोदी बँड नव्हे! 1968 च्या ‘क्रूझिंग विथ रूबेन अँड द जेट्स’मध्ये त्याने डू-वॉपची थट्टा केली, पण आतून माहीत असलेल्या गोष्टीची. म्हणूनच त्यातल्या एका गाण्याच्या शेवटी, आवाज विरत असताना, स्त्राविन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ची सुरुवातीची सुरावट गुपचूप घालणं त्याला जमलं. ‘बॉन्झो डॉग डू-दा बँड’ या ब्रिटिश विनोदी बँडची मंडळी तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतल्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जुन्या बाजारातून शोधून आणत आणि त्यातली विसरलेली गमतीची गाणी वाजवत.

तुमचं गणित इथे चुकतंय. तुम्ही डू-वॉप झॅपाकडून शिकलात, रेगे दुसऱ्या कुठल्या मस्करीखोर बँडकडून आणि कंट्री तिसऱ्याकडून. नक्कल पाहून केलेल्या नकलेत मूळ बाजाचे बारकावे गळतात, उरतो फक्त डोळा मारणं. मग ऐकणाऱ्याला झॅपाच ऐकू येणार, दुसरं काय?

तिसरं गाणं घे. संथ डू-वॉप आणि त्यातून एकदम पंक, ही कल्पना छान आहे. पण डू-वॉपचा भाग म्हणजे आवाज कमी केलेला रॉक झालाय. गिटारवर डिस्टॉर्शनचा (आवाज फाडणारा) पेडल चालूच आहे. तो पूर्ण बंद कर, मानेकडचा पिकअप घे, थोडा रिव्हर्ब (घुमारा) पुरे. बास मूळ सूर आणि पंचम असे आठ-आठ ठोके भरतोय, तिथे ठोक्याला एक सूर आणि तोही आखूड हवा. ब्रिजजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकवला की सूर लगेच मिटतो, उभ्या डबल बासच्या जवळ जातो. ड्रमरला सांग, क्रॅश झांज अजिबात नको, स्नेअरवर दुमडलेला रुमाल टाक, आणि हाय-हॅटवर (पायाने मिटणाऱ्या जोडझांजेवर) प्रत्येक ठोक्याचे तीनही भाग सारखे वाजव. मागच्या गायकांनी एकाच माइकभोवती उभं राहावं. वेगवेगळे रेकॉर्ड करून नंतर जुळवलेले आवाज फार स्वच्छ होतात आणि सोंग उघडं पडतं.

आता उडी. तुम्ही थांबता, ड्रमर काड्या वाजवून चार मोजतो आणि पंक सुरू होतं. तो थांबा गंमत मारतो. तुमचा संथ भाग मिनिटाला साधारण 60 ठोक्यांवर आहे, प्रत्येक ठोक्यात तीन, म्हणजे हाय-हॅट मिनिटाला 180 वेळा वाजतेय. पंक 180 वरच ठेवा (सध्या ते 172 च्या आसपास आहे, म्हणूनच ती उडी सांध्यात अडखळते). जो हाय-हॅटचा ठोका आधी एक तृतीयांश होता, तोच आता पूर्ण ठोका. मेट्रोनोम पहिल्यापासून 180 वर लावून सराव करा. संथ भागात तो ठोक्याच्या तीनही भागांवर पडेल, पंकमध्ये प्रत्येक ठोक्यावर, आणि मधे मोजायची गरजच राहणार नाही. बासवाल्याला हे सगळ्यात जड जातं, कारण त्याचा हात एकदम तिप्पट चालायला लागतो. त्याने उडीच्या आधीचे दोन बार (चार-चार ठोक्यांचे घास) मनात तीन-तीन मोजत राहावं.

दुसऱ्या गाण्यातलं रेगे त्याहून कच्चं आहे. चार मोजले तर पहिल्या ठोक्यावर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नकोच. किक आणि स्नेअरच्या कडेचा आवाज दोन्ही एकत्र तिसऱ्यावर पडले पाहिजेत, गिटारचे कापलेले कॉर्ड दुसऱ्या आणि चौथ्यावर. तुमचा ड्रमर सवयीने पहिल्यावर किक मारतो आणि सगळा ठेका सपाट होतो. आणि तो नकली जमैकन उच्चार काढून टाक. त्यात विनोद नाही, आळस आहे.

दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर त्या घरच्यांना विचारून, हे ‘वीन’ या अमेरिकन बँडला चांगलं कळलं होतं. 1996 च्या ‘12 गोल्डन कंट्री ग्रेट्स’साठी ते कंट्री संगीताच्या माहेरी, नॅशव्हिलला गेले आणि तिथले मुरलेले सेशन वादक घेतले. एल्विसच्या मागे गाणारे ‘जॉर्डनेअर्स’सुद्धा त्यात आहेत. शब्द वाह्यात, वाजवणं शंभर टक्के खरं. (नावात 12 आहेत, गाणी 10 आहेत.) असे वादक तुम्हाला परवडणार नाहीत, पण प्रत्येक बाजाच्या पाच गंभीर, अस्सल रेकॉर्डिंगा ऐकणं परवडतं. ऐकताना तीनच गोष्टी लिहून काढ: किक कुठे पडते, बासचा सूर किती लांब राहतो, गायक माइकपासून किती दूर आहे. बाकीचं कान आपोआप उचलतो.

विनोदाबद्दल थोडंच. तू गाताना हसतेस, ते ऐकू येतं, आणि तू हसलीस की ऐकणारा हसत नाही. ‘10सीसी’ या ब्रिटिश बँडचं 1972 चं ‘डॉना’ ऐक. फॉल्सेटोमध्ये (चोरट्या उंच आवाजात), जीव तोडून, कुठेही डोळा न मिचकावता गायलंय. हशाचा शब्द ओळीच्या शेवटी आण, त्याच्या आधीच्या ठोक्यावर वाद्यं थांबव आणि त्या ओळीपुरता आवाजावरचा रिव्हर्ब काढ. पहिल्या गाण्यातल्या सगळ्यात चांगल्या ओळीवर झांज आदळतेय, मला ती तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळली.

चालीचं मात्र वेगळं आहे, तिथे सावध राहा. ठेका, वाद्यांचा आवाज, सी-ए मायनर-एफ-जी ही कॉर्डची मालिका कोणाच्या बापाची नाही. चाल असते. नील इनेसने 1978 मध्ये ‘द रटल्स’ या बीटल्सची नक्कल करणाऱ्या बँडसाठी बीटल्सच्या ढंगाची गाणी लिहिली, तीही बीटल्स पुन्हा न ऐकता, आठवणीवर. तरी हक्कदार कंपनीशी तडजोड करावी लागली, मानधनाचा मोठा वाटा गेला. पुढे उलटं घडलं. ‘ओएसिस’च्या 1994 च्या ‘व्हॉटेव्हर’ची चाल इनेसच्याच 1973 च्या गाण्यासारखी निघाली आणि इनेसचं नाव सहलेखक म्हणून लागलं. नुसता ढंग उचलला तर कोणी काही करू शकत नाही, असंही छातीठोकपणे म्हणू नकोस. ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्याच्या खटल्यात 2015 साली अमेरिकन ज्यूरीने मार्विन गे या गायकाच्या वारसांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा वाद बऱ्याच अंशी ढंगाचाच होता.

तुझ्या पहिल्या गाण्याच्या धृपदाचा मला संशय आहे. शब्द आणि कॉर्ड काढून नुसती चाल एका वाद्यावर, सरळ लयीत, ज्याने ती ऐकलेली नाही अशा माणसाला ऐकव. त्याने दुसऱ्याच गाण्याचं नाव घेतलं, तर प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावरचा सूर आणि ओळीतला सगळ्यात वरचा सूर बदलून बघ. शब्दांची लय तशीच ठेवता येते. पट्टी किंवा वेग बदलून काही होत नाही, कान फसत नाही.

चौथ्या गाण्यात तीन मिनिटांत सहा बाज आहेत. त्यातले दोन ठेव, फार तर तीन, आणि प्रत्येकाला निदान 16 बार दे. ऐकणारा एका घरात जरा बसला तरच त्याला उठवण्यात मजा. आणि सुरुवातीला बासवर येणारी ती पाच सुरांची वाकडी ओळ एकदाच वाजून गायब का होते? ती कोणाचीच नाही, तुमची आहे. तीच ओळ प्रत्येक बाजात परत आण: पोल्कात ट्युबासारखी, सर्फ रॉकमध्ये गिटारवर स्प्रिंग रिव्हर्ब लावून, शेवटी नुसती गळ्याने. झॅपाचं नाव घेणाऱ्यांना तिथे नाव घ्यायला काही सापडणार नाही.

पुढच्या वेळी पूर्ण मिक्स पाठवू नकोस. तिसऱ्या गाण्याचे फक्त बास आणि ड्रम्स, उडीच्या आधीचे आठ बार आणि नंतरचे आठ, एवढंच पाठव.

तुझा,
बाबा